क्ष-किरण टाइम लॅग कसा मोजावा: कृष्णविवर जोडताऱ्यांच्या डेटासाठी टप्प्याटप्प्याने कृती

दोन ऊर्जापट्ट्यांचे लाइट कर्व्ह (काळानुसार तेजाचे आलेख) दिले आणि लायब्ररीतलं एक फंक्शन चालवलं की टाइम लॅगचा, म्हणजे एका पट्ट्यातला चढउतार दुसऱ्यात किती उशिरा दिसतो याचा, आलेख मिळतो. गोम अशी की डेटात लॅग नसला तरीही आलेख मिळतोच. फेज म्हणजे एका संमिश्र संख्येचा कोन, आणि कोन निव्वळ नॉइजलाही असतो. त्यामुळे चुकलेला आलेख दिसायला बरोबर आलेखासारखाच असतो. अशा आलेखावरून तबकडीची (कृष्णविवराभोवती फिरत आत जाणाऱ्या वायूच्या चकतीची) आतली कड किंवा कोरोनाची (तिच्याजवळच्या अतितप्त वायूची) उंची सांगितली गेली, की पुढचं सगळं वाया.

चुका बहुतेक वेळा क्रमात होतात: कोहेरन्स (दोन पट्टे किती एकत्र हलतात याचं माप) न बघता फेज वाचली जाते, आणि जीटीआय (वापरण्याजोग्या वेळांची यादी) न तपासता तुकडे पाडले जातात. म्हणून खालचे टप्पे दिलेल्याच क्रमाने करा.

## सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

प्रत्येक फोटॉनची वेळ आणि ऊर्जा नोंदवलेली इव्हेंट फाइल हवी. आयते तयार केलेले एक सेकंद बिनचे (म्हणजे दर सेकंदाचे फोटॉन एकत्र मोजलेले) लाइट कर्व्ह या कामाला चालत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये डेटा गाळण्यासाठी हीसॉफ्ट आणि फूरिये विश्लेषणासाठी पायथनमधलं स्टिंगरे पुरेसं आहे. स्टिंगरे वापरणार असाल तरी क्रॉस स्पेक्ट्रम (दोन पट्ट्यांच्या फूरियेंचा गुणाकार, टप्पा ६) एकदा स्वतःच्या वीस ओळींच्या कोडने काढून दोन्ही उत्तरं जुळवा.

दुर्बीण प्रश्नानुसार निवडा. तबकडीचा स्वतःचा उष्ण प्रकाश १ केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) खाली ठळक असतो, म्हणून तबकडीवरून परतणाऱ्या प्रकाशाचा लॅग शोधायचा तर नायसर किंवा एक्सएमएम-न्यूटन लागतात. अ‍ॅस्ट्रोसॅटवरचं लॅक्सपीसी ३ केईव्हीपासून वर पाहतं. कोरोनाचे हार्ड लॅग आणि क्यूपीओ (जवळजवळ ठरावीक वारंवारतेचे चढउतार) यांसाठी ते उत्तम आहे, पण त्यात मऊ (कमी ऊर्जेची) तबकडी शोधू नका.

## टप्पा १: वारंवारतेची पट्टी आधी ठरवा

एका सूर्याइतक्या वस्तुमानामागे गुरुत्वीय काळाचं एकक (प्रकाशाला एक गुरुत्वीय त्रिज्या, म्हणजे वस्तुमानावरून ठरणारं लांबीचं एकक, ओलांडायला लागणारा वेळ) ४.९३ मायक्रोसेकंद आहे. मॅक्सी जे१८२०+०७० मधलं कृष्णविवर साधारण ८ सौरवस्तुमानांचं धरलं तर हे एकक ३९ मायक्रोसेकंद होतं. सिग्नस एक्स-१ सुमारे २१ सौरवस्तुमानांचा, म्हणजे तिथे ते १०३ मायक्रोसेकंद. प्रकाशाला अशा दहा-वीस त्रिज्या ओलांडायला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो.

यावरून दोन वेगळी कामं ठरतात. ०.१ ते साधारण २ हर्ट्झमध्ये हार्ड लॅग दिसतात, म्हणजे जास्त ऊर्जेचे फोटॉन उशिरा येतात. काही हर्ट्झपासून काही दशक हर्ट्झपर्यंत सॉफ्ट लॅग (कमी ऊर्जेचे फोटॉन उशिरा) शोधायचे असतात, आणि ते मिलिसेकंदाच्या घरातले असतात. एकाच निरीक्षणातून दोन्ही काढता येतात. मात्र सांख्यिकी पुरेशी आहे का, हे प्रत्येकासाठी वेगळं तपासावं लागतं.

## टप्पा २: डेटा गाळा, मग लाइट कर्व्ह डोळ्यांनी बघा

नेहमीची प्रक्रिया चालवून स्वच्छ इव्हेंट फाइल आणि जीटीआय घ्या. नायसरसाठी डिटेक्टर क्रमांक १४ आणि ३४ वरचा नॉइज तपासा. ते बऱ्याचदा वगळावे लागतात. मे २०२३ मध्ये नायसरच्या आवरणातून प्रकाश झिरपू लागला. त्यानंतरच्या निरीक्षणांत कक्षेच्या दिवसाच्या भागातला डेटा विशेष जपून पाहावा, कारण दृश्य प्रकाशामुळे सर्वांत कमी ऊर्जेच्या चॅनेलांत नॉइज वाढतो.

त्यानंतर १ सेकंद बिनचा लाइट कर्व्ह काढून संपूर्ण सरकवत पाहा. नायसरचे ५६ डिटेक्टर आठ-आठच्या सात गटांत वाचले जातात. स्रोत फार तेजस्वी असला की टेलिमेट्री (पृथ्वीवर डेटा पाठवण्याची क्षमता) अपुरी पडते आणि एखाद्या गटाचा डेटा काही काळ गळतो. मग फोटॉनदर अचानक सातव्या हिश्शाने खाली जातो आणि काही सेकंदांनी तितकाच वर येतो. ही पायरी सगळ्या ऊर्जापट्ट्यांत एकाच क्षणी येते. त्यामुळे दोन पट्ट्यांत शून्य लॅगचा खोटा सहसंबंध तयार होतो आणि कमी वारंवारतेचा खरा लॅग दबतो. असे भाग जीटीआयमधून काढून टाका.

इशारा: खंडांत शून्य भरू नका, सरासरीही भरू नका. प्रत्येक तुकडा एकाच अखंड जीटीआयमध्ये पूर्ण बसला पाहिजे. बसत नसेल तर तो सोडा.

एकाच उपकरणातल्या दोन पट्ट्यांचा लॅग काढायचा असेल तर बॅरिसेंटर दुरुस्तीने (वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी आणण्याने) उत्तरात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, कारण दोन्ही पट्ट्यांच्या वेळा सारख्याच सरकतात. दोन दुर्बिणींचा डेटा एकत्र आणायचा असेल तर मात्र ती अनिवार्य आहे. तेव्हा इव्हेंटबरोबर जीटीआयच्या वेळाही दुरुस्त झाल्या आहेत का ते पाहा.

## टप्पा ३: ऊर्जापट्टे निवडा

नायसरसाठी सुरुवातीला ०.५–१ केईव्ही हा मऊ पट्टा आणि २–५ केईव्ही हा कठीण पट्टा घ्या. मऊ पट्ट्यात तबकडीचा वाटा मोठा असतो आणि कठीण पट्ट्यात कोरोनाचा. ०.५ च्या खाली फोटॉन भरपूर असतात, पण डिटेक्टरचा नॉइजही तिथेच असतो.

दोन पट्ट्यांत एकही चॅनेल सामाईक नसावा. एकच फोटॉन दोन्ही लाइट कर्व्हमध्ये मोजला गेला तर त्याचा पॉइसाँ नॉइज (फोटॉन मोजणीतला यादृच्छिक चढउतार) दोन्हीकडे तंतोतंत सारखा येतो. क्रॉस स्पेक्ट्रममध्ये त्यामुळे शून्य फेजची भर पडते आणि लॅग शून्याकडे ओढला जातो. ही चूक सर्वांत जास्त होते ती पुढे, लॅग-ऊर्जा आलेखाच्या टप्प्यावर.

पार्श्वभूमीची फार चिंता नको. स्थिर पार्श्वभूमी लॅग बदलत नाही, फक्त एरर वाढवते. कणांचे भडके मात्र दोन्ही पट्ट्यांत एकदम येतात, म्हणून ते काढलेच पाहिजेत.

## टप्पा ४: बिन आणि तुकडे

बिनची लांबी सर्वांत मोठी वारंवारता ठरवते आणि तुकड्याची लांबी सर्वांत लहान. चांगली सुरुवात अशी: बिन १/५१२ सेकंद, तुकड्यात ८१९२ बिन, म्हणजे तुकडा १६ सेकंदांचा. मग सर्वांत लहान वारंवारता ०.०६२५ हर्ट्झ आणि नायक्विस्ट मर्यादा २५६ हर्ट्झ. ३२०० सेकंदांचा चांगला डेटा असेल तर जास्तीत जास्त २०० तुकडे मिळतील. प्रत्यक्षात जीटीआयच्या टोकांना थोडी गळती होते.

बिनपेक्षा लहान लॅग मोजता येत नाही, असा समज पक्का बसलेला आढळतो. तो चुकीचा आहे. लॅग फेजवरून निघतो, आणि फेजची अचूकता फोटॉनसंख्या, कोहेरन्स आणि सरासरीतल्या नमुन्यांवर ठरते. २ मिलिसेकंदांच्या बिनमधून अर्ध्या मिलिसेकंदाचा लॅग निघू शकतो.

पण त्याला एक अट आहे: दोन्ही लाइट कर्व्हच्या बिनांच्या कडा अगदी एकाच वेळांवर हव्यात. वेगवेगळ्या फाइलींतून लाइट कर्व्ह बनवले की प्रत्येकाची सुरुवात आपापल्या पहिल्या फोटॉनपासून धरली जाते आणि बिन एकमेकांपासून सरकतात.

तपासणी: दोन्ही लाइट कर्व्हच्या पहिल्या बिनची वेळ वजा करा. उत्तर शून्यच हवं. हे राहून गेलं तर पुढच्या आलेखात त्याची खूण दिसते: सर्व वारंवारतांना एकसारखा टाइम लॅग, आणि वारंवारतेबरोबर सरळ रेषेत वाढत जाणारी फेज. निसर्गातले लॅग इतके सपाट क्वचितच असतात.

तुकड्याची लांबी अपेक्षित लॅगपेक्षा कितीतरी पट मोठी ठेवा. लॅग तुकड्याच्या तुलनेत मोठा झाला की एका पट्ट्यातला चढउतार दुसऱ्या पट्ट्यात तुकड्याबाहेर जातो आणि कोहेरन्स घटतो. सर्वांत खालच्या एक-दोन वारंवारतांवर रेड नॉइजची (कमी वारंवारतेला जोरदार असणाऱ्या चढउतारांची) गळतीही असते, म्हणून अंतिम आलेखात त्या दाखवल्या तरी त्यांवर निष्कर्ष टेकवू नका.

## टप्पा ५: ठाऊक असलेला लॅग घालून चाचणी

खऱ्या डेटाचा लॅग काढण्याआधी ही चाचणी करा. चिन्हाचा गोंधळ इथेच मिटतो.

१. बारीक बिनचा, तुकड्यांपेक्षा बराच लांब रेड नॉइज लाइट कर्व्ह तयार करा.
२. त्याचीच प्रत २० मिलिसेकंद उशिरा सरकवा आणि तिला कठीण पट्टा म्हणा.
३. दोन्हींना खऱ्या डेटाइतका फोटॉनदर द्या, बिन १/५१२ सेकंदाचे करा आणि प्रत्येक बिनमध्ये पॉइसाँ नॉइज घाला.
४. पुढचे सगळे टप्पे जसेच्या तसे चालवा.

२५ हर्ट्झपर्यंत २० मिलिसेकंदांची सपाट रेषा दिसली पाहिजे. तिथे फेज ३.१४ रेडियनला पोचते आणि उलटून उणे ३.१४ होते, म्हणजे टाइम लॅग एकदम उणे २० मिलिसेकंद दिसतो. वारंवारतेच्या दुपटीच्या व्यस्तापेक्षा मोठा लॅग फेजमधून एकमेव उत्तर म्हणून मिळत नाही, ही मर्यादा इथे डोळ्यांसमोर येते.

चिन्हाबाबत: नमपाय (पायथनची गणिती लायब्ररी) आपल्या एफएफटीमध्ये (फूरिये काढण्याच्या फंक्शनमध्ये) घातांक ऋण घेतं. त्यामुळे मऊ पट्ट्याचा फूरिये आणि कठीण पट्ट्याच्या फूरियेचा संयुग्मी (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटलेला) यांचा गुणाकार केला, की कठीण पट्टा उशिरा असताना फेज धन येते. संयुग्मी दुसऱ्याचा घेतला तर चिन्ह उलटं होईल. तयार लायब्ररीतला क्रम आठवणीवर सोडू नका, ही चाचणीच निर्णय देईल.

## टप्पा ६: क्रॉस स्पेक्ट्रमची सरासरी

प्रत्येक तुकड्यासाठी दोन्ही फूरिये काढा आणि त्यांचा संमिश्र गुणाकार घ्या. सर्व तुकड्यांवर त्याची सरासरी करा. मग शेजारच्या वारंवारतांचे लॉग गट पाडा, प्रत्येक गटाची वरची कड खालच्या कडेच्या १.१५ पट, आणि गटातही संमिश्र संख्यांचीच सरासरी करा. कोन सर्वांत शेवटी. टाइम लॅग = फेज भागिले (६.२८३ × गटाची सरासरी वारंवारता).

इशारा: प्रत्येक तुकड्याची फेज आधी काढून त्या फेजांची सरासरी करू नका. एका तुकड्यात नॉइज बहुधा सिग्नलपेक्षा मोठा असतो, त्यामुळे तिथला कोन जवळजवळ कुठेही पडू शकतो. ३.१ आणि उणे ३.१ हे कोन खरं तर शेजारी आहेत, पण त्यांची साधी सरासरी शून्य येते.

वेगवेगळ्या दिवसांची निरीक्षणं मिसळायची असतील तर आधी हार्डनेस रेशो (कठीण आणि मऊ फोटॉनदरांचं गुणोत्तर) आणि पॉवर स्पेक्ट्रमचा (कोणत्या वारंवारतेला किती चढउतार याचा) आकार जुळतो का ते पाहा. उद्रेकात काही दिवसांत क्यूपीओची वारंवारता सरकते आणि तिच्याबरोबर लॅगही. अशा दोन दिवसांची सरासरी कोणत्याच दिवसाची नसते.

## टप्पा ७: नॉइज आणि कोहेरन्स, लॅग वाचण्याआधी

दोन पट्ट्यांचा पॉइसाँ नॉइज स्वतंत्र असतो. त्यामुळे तो क्रॉस स्पेक्ट्रमच्या सरासरीत उरत नाही, पण दोन्ही पॉवर स्पेक्ट्रममध्ये उरतो. पॉवर मोजण्याच्या लीही नॉर्मलायझेशनमध्ये आदर्श पातळी २ असते. फ्रॅक्शनल आरएमएसमध्ये, पार्श्वभूमी नगण्य असेल तर, २ भागिले फोटॉनदर. ही संख्या डोळे मिटून वजा करू नका. स्रोताचा चढउतार जिथे संपलेला असतो त्या उंच वारंवारतांवर पॉवर खरोखर तिथे टेकते का ते पाहा. खाली टेकत असेल तर डेडटाइम (फोटॉननंतर मोजणी थांबण्याचा काळ) आहे.

इथे दोन कोहेरन्स लागतात आणि त्यांची अदलाबदल ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे.

कच्चा कोहेरन्स = सरासरी क्रॉस स्पेक्ट्रमच्या मापाचा वर्ग, भागिले दोन पॉवरचा गुणाकार, पॉवर नॉइजसकट. एरर यातून काढायचा.

मूळ कोहेरन्स = तेच, पण दोन्ही पॉवरमधून नॉइज वजा करून आणि वरच्या वर्गातून नॉइजची भर काढून. दोन पट्टे खरोखर किती एकत्र हलतात, हे यातून कळतं. ही कृती ब्रायन व्हॉन आणि मायकेल नोवाक यांनी १९९७ मध्ये मांडली आणि आजही तीच वापरली जाते.

वर्गातून काढायची नॉइजची भर म्हणजे तीन गुणाकारांची बेरीज: पहिल्याचा सिग्नल × दुसऱ्याचा नॉइज, दुसऱ्याचा सिग्नल × पहिल्याचा नॉइज, आणि दोन्ही नॉइजचा गुणाकार. या बेरजेला गटातल्या एकूण नमुन्यांनी भागा. क्रॉस स्पेक्ट्रमचा वर्ग या भरीपेक्षा लहान निघाला तर त्या गटात लॅग नाही. तो बिंदू मोठ्या एररसह दाखवत बसू नका, काढून टाका.

डेडटाइमचा इशारा: लॅक्सपीसीत एका फोटॉननंतर सुमारे ४२ मायक्रोसेकंद मोजणी थांबते, नूस्टार दुर्बिणीत सुमारे २.५ मिलिसेकंद. मऊ फोटॉन आला की त्या क्षणी कठीण फोटॉन मोजला जात नाही, म्हणजे दोन पट्टे कृत्रिमरीत्या एकमेकांविरुद्ध हलतात. उंच वारंवारतांवर फेज ±३.१४ कडे ओढली जाते. ते खरं सॉफ्ट किंवा हार्ड लॅग समजलं जातं. उपाय: एक पट्टा एका डिटेक्टर मॉड्यूलमधून आणि दुसरा पट्टा दुसऱ्यातून घ्या. नूस्टारची दोन मॉड्यूल यासाठी सोयीची आहेत.

## टप्पा ८: एरर काढा आणि पुरेसा डेटा आहे का ते ठरवा

फेजचा एरर = वर्गमूळ [(१ − कच्चा कोहेरन्स) ÷ (२ × कच्चा कोहेरन्स × नमुने)]. नमुने म्हणजे तुकडे गुणिले गटातल्या वारंवारता.

टप्पा ४ मधलाच आराखडा घेऊन उदाहरण करू. गट १० ते ११.५ हर्ट्झ. रुंदी १.५ हर्ट्झ, दर हर्ट्झला १६ वारंवारता, म्हणजे २४. गुणिले २०० तुकडे, एकूण ४८०० नमुने.

कच्चा कोहेरन्स ०.०२ असेल तर फेजचा एरर ०.०७१ रेडियन आणि टाइम लॅगचा १.०६ मिलिसेकंद. म्हणजे १ मिलिसेकंदाचा सॉफ्ट लॅग या डेटात दिसणारच नाही. कच्चा कोहेरन्स ०.२ असेल तर एरर ०.०२० रेडियन, म्हणजे ०.३० मिलिसेकंद, आणि तोच लॅग तीन सिग्मांपेक्षा थोडा वर येतो. हा हिशेब निरीक्षणाचा प्रस्ताव लिहितानाच करा. कच्च्या कोहेरन्सच्या जागी मूळ कोहेरन्स घातला, तर तो एकाच्या जवळ असल्याने एरर फसवा लहान येतो आणि प्रत्येक बिंदू महत्त्वाचा वाटू लागतो.

गटात किमान ४०–५० नमुने हवेत. त्याखाली एरर गॉसियन राहत नाहीत. एरर १ रेडियनच्या आसपास गेला तर त्या बिंदूतून काहीही कळत नाही.

## टप्पा ९: लॅग-ऊर्जा आलेख

एक वारंवारतापट्टी धरा आणि ऊर्जेचे बारीक गट पाडा. प्रत्येक गटाचा लॅग एका रुंद संदर्भपट्ट्याशी काढा. तो गट संदर्भपट्ट्यात येत असेल तर त्याचे फोटॉन संदर्भातून वजा करा, प्रत्येक गटासाठी नव्याने.

उपकरणाच्या ऊर्जा-विभेदनापेक्षा बारीक गट पाडून माहिती वाढत नाही. नायसरचं विभेदन १ केईव्हीला सुमारे ८५ आणि ६ केईव्हीला सुमारे १३७ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. लोखंडाच्या ६.४ केईव्हीच्या रेषेभोवती फोटॉन कमी असतात, म्हणून तिथे गट रुंदच ठेवावे लागतात.

या आलेखातली शून्य रेषा फक्त संदर्भपट्टा सांगते. अर्थ आहे तो दोन ऊर्जांमधल्या फरकाला. शिवाय सर्व बिंदूंना एकच संदर्भ असल्याने टप्पा ८ चं सूत्र इथे एरर गरजेपेक्षा मोठा देतं. मॉडेल बसवताना काय-वर्ग (मॉडेल आणि डेटातल्या फरकाचं माप) फार लहान आला तर मॉडेलवर खूश होण्याआधी हे कारण तपासा. अशा आलेखांसाठी अ‍ॅडम इन्ग्रॅम यांनी २०१९ मध्ये दिलेली सूत्रं वापरा.

## टप्पा १०: अर्थ लावताना

कमी वारंवारतेचे हार्ड लॅग प्रकाशाच्या प्रवासाने समजावता येत नाहीत. सिग्नस एक्स-१ साठी समजा ०.१ हर्ट्झला ०.०५ सेकंद लॅग आला. तेवढ्यात प्रकाश १५,००० किलोमीटर जातो, म्हणजे तिथल्या जवळपास ४८० गुरुत्वीय त्रिज्या. कोरोना एवढा अवाढव्य मानण्यापेक्षा पदार्थाच्या आत वाहण्याच्या दरातले चढउतार बाहेरून आत सरकतात, हे चित्र डेटाशी जास्त जुळतं. बाहेरचा, तुलनेने मऊ प्रकाश देणारा भाग आधी हलतो, आतला कठीण भाग नंतर.

उंच वारंवारतेचा सॉफ्ट लॅग ही वेगळी गोष्ट आहे: कोरोनाचा प्रकाश तबकडीवर पडतो, ती तापते आणि तिचा मऊ प्रकाश उशिरा पोचतो. इथे लॅग गुणिले प्रकाशवेग करून थेट अंतर सांगण्याचा मोह होतो. ८ सौरवस्तुमानांसाठी १ मिलिसेकंद म्हणजे ३०० किलोमीटर, सुमारे २५ गुरुत्वीय त्रिज्या. पण मऊ पट्ट्यात कोरोनाचा थेट प्रकाशही असतो आणि तो लॅग पातळ करतो. परतलेल्या प्रकाशाचं थेट प्रकाशाशी प्रमाण ०.५ असेल, तर मोजलेला लॅग खऱ्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. त्याच पट्टीत प्रवाहाचा हार्ड लॅगही मिसळलेला असतो, विरुद्ध चिन्हाचा. म्हणून मोजलेल्या लॅगवरून भूमिती सांगायची तर स्पेक्ट्रम आणि लॅग एकत्र बसवणारं मॉडेल लागतं.

क्यूपीओ असेल तर त्याच्या आणि त्याच्या हार्मोनिकच्या (पटीतल्या) वारंवारतांवरचा लॅग वेगळा नोंदवा. जीआरएस १९१५+१०५ या जोडताऱ्यामध्ये क्यूपीओची वारंवारता सुमारे २ हर्ट्झ ओलांडते तेव्हा त्याच्या लॅगचं चिन्हच बदलतं. रुंद नॉइजच्या गटात असा क्यूपीओ मिसळला तर मधेच एक खड्डा किंवा उंचवटा येतो आणि तो परतीच्या प्रकाशाची खूण म्हणून खपतो. शंका आली तर पॉवर स्पेक्ट्रम आणि लॅगचा आलेख एकाच आडव्या अक्षावर, एकाखाली एक छापा. खड्डा बरोबर क्यूपीओच्या शिखराखाली बसला असेल तर त्या वारंवारता गाळून उरलेल्यांवर टप्पा ६ पासून पुन्हा करा.